बाबांची पहिली विडी

उमेळे, वसई
१२ फेब्रुवारी १९७९

प्रिय ज्युलियसदादा,

तुला आणि लूर्डसवहिनींना एडवर्डचा व आल्बिनाचा सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत माणसं जेवढी खुशाल असतात तेवढे, बाकीचं खाली येईलच). तुझी कंबर कशी आहे? या वयात शिडीवर चढून रंगकाम करणं बरं नव्हे, पण तू कोणाचं ऐकणार नाहीस, म्हणून नुसती चौकशी करतो. वहिनींना सांग, लोणच्याची बरणी रिकामी झाली आहे आणि स्वच्छ धुऊन ठेवली आहे. पुढचं त्यांचं त्या समजून घेतील.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तुझे आभार मानायचे आहेत. पुण्याला एस.टी.च्या वर्कशॉपात पाट्या रंगवता रंगवता तू आमच्या घरातलं एक माणूस वाचवलंस आणि तुला त्याचा पत्ताही नाही. बातमी अशी, की तुझ्या काकांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, ऐंशीव्या वर्षी विडी ओढली. तू म्हणशील, एडवर्ड, शुद्धीवर आहेस ना? लग्नाच्या मांडवात विड्यांचं ताट फिरत आलं की हा माणूस आपल्या वाट्याची विडी उचलून शेजाऱ्याच्या खिशात घालायचा. (ताट नुसतं पुढे ढकललं तर यजमानांचा अपमान होतो, म्हणून.) फादरांनी प्रवचनात कोणाचं उदाहरण द्यायचं तर बाबांचं. पण भर गाडीत, चाळीस माणसांदेखत त्यांनी विडी ओढली, हे मी शपथेवर सांगतो.

आता विडीची गोष्ट निघालीच आहे तर थोडं सरकारबद्दल लिहितो. तीनचार वर्षांपूर्वी कायदा आला आणि सिगारेटच्या पाकिटावर ताकीद छापली जाऊ लागली. ती इंग्रजीत होती, म्हणून आम्ही हायस्कुलातल्या व्हॅलेरियन मास्तरांकडून वाचून घेतली. आरोग्याला अपाय होतो, असं त्यांनी सांगितलं (सांगताना त्यांची सिगारेट विझली, ती त्यांनी पुन्हा पेटवली). मग आम्ही बागायतदारांनी विडीचं बंडल घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. कुठेही ताकीद नाही! आम्ही सगळे फार समाधानाने घरी गेलो. अपाय असता तर सरकारने छापलं नसतं का? उमेळ्यातल्या निम्म्या पुरुषांनी त्या आठवड्यात सिगारेट सोडून विडी धरली, तब्येतीला जपायचं म्हणून. शहाणपणात आपला गाव कधी मागे राहिलेला नाही.

असो. गेल्या महिन्यात घरात एक खोकला सुरू झाला. आल्बिनाने आल्याचा रस दिला, नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना केली, पण खोकला हटेना. शेवटी बाबा आणि मी वसईला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि तो खिडकीशी धरला. मग म्हणाले, विडी आज सुटली तर माणूस राहील, नाहीतर पुढचे दोन पावसाळे धरून चालू नका.

आणि परतीच्या एस.टी.त काय व्हावं? डॉक्टरांचं बोलणं होऊन अर्धा तास झाला नसेल, तोच मागच्या बाकावरून धूर! आपला आत्माराम कंडक्टर वास घेत घेत मागे आला, तर विडी बाबांच्या तोंडात. पानांची टोपली घेऊन बसलेली बायजा ओरडलीच, "अरे देवा, म्हाताऱ्याला आता कुठं हा शौक सुचला!" आत्माराम भला माणूस, पण कायद्यापुढे तो सख्ख्या सासऱ्यालाही ओळखत नाही. त्याने बाबांना उभं केलं, वरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. बाबांनी एकेक अक्षर लावत वाचलं, "धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे." गाडीभर हशा झाला. मी वर पाहिलं, तर अक्षर तुझं! चर्चच्या सणाच्या फलकावर वर्षानुवर्षं पाहिलेलं अक्षर मी कुठेही ओळखेन.

त्या क्षणापासून आमच्या घरातली विडी बंद झाली. आज अकरावा दिवस. फादर, डॉक्टर, आल्बिना, सगळे थकले होते, आणि काम केलं तुझ्या पाटीने. तुझे उपकार मी विसरणार नाही. केळीचा एक घड पिकत घातला आहे, कोणी तिकडे येणारं भेटलं की पाठवतो. कंबरेला जप.

तुझा धाकटा भाऊ,
एडवर्ड

ता. क. तसलीच एक पाटी मला रंगवून पाठवशील का? अक्षरं गाडीतल्यासारखीच हवीत, तीच रंगछटा, म्हणजे सरकारी वाटेल. ओटीवर लावायची नाही. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत लावायची आहे.

आणखी एक ता. क. तू विचारशीलच, की ऐंशी वर्षांचा माणूस विडी ओढायला पंपाच्या खोलीपर्यंत कशाला जाईल? दादा, वरचं सगळं खरं आहे, फक्त अर्धं लिहिलं नाही. फोटो माझ्या छातीचा होता. मी बाबांना घेऊन गेलो नव्हतो, बाबा मला घेऊन गेले होते. गाडीत ते पुढे बसले आणि मी मागे, कारण बत्तीस वर्षं मी त्यांच्यासमोर विडी ओढलेली नाही, ओढली ती पंपाच्या खोलीत लपून (त्यांना ठाऊक नाही, असं मी समजत होतो). डॉक्टरांच्या बोलण्याने एवढा घाबरलो, की पेटवली. आत्माराम उठलेला पाहून बाबा मागे आले, माझ्या बोटांतली विडी काढून त्यांनी स्वतःच्या तोंडात धरली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले आणि म्हणाले, "माझी हाय ती." ते पाटी वाचत असताना लोक हसले. दादा, कोणाला कळू नये म्हणून मीही हसलो. ते हसणं मला झोपू देत नाही.

घरी आल्यावर ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण आता रोज सकाळी, मी विहिरीवर जायच्या आधी, काठी टेकत तिथवर जातात आणि पंपाच्या खोलीच्या दारात बसून राहतात. दुपारपर्यंत. त्यांना ते चालणं झेपत नाही. पाटी लवकर पाठव, म्हणजे त्यांना घरी बसता येईल.