भिंतीवरचा शनी

बदनापूर,
रविवार, ३ जुलै २००५

प्रिय शिवकन्या,

शनिवार, दिनांक २ जुलै २००५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. या वेळी मी तुझ्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत उभी होते आणि समोरच्या भिंतीवर नुसता एक खिळा होता. खिळ्याखाली फिकट चौकोन. तेवीस वर्षं त्या चौकोनावर शनी होता.

तारीख आणि वेळ आधी लिहिली म्हणून हसू नकोस. माझे वडील निजामाच्या रेल्वेत होते, त्यामुळे मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकले, आणि तिथल्या सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या: उसवलेला काठ कसा शिवायचा आणि तक्रार कशी लिहायची. केव्हा झालं ते आधी, मग काय झालं, मग कोणी केलं, आणि तुला काय हवंय ते शेवटी. त्याच क्रमाने लिहिते. तक्रारी दोन आहेत. एक त्या फोटोची. दुसरी तुझ्या कौसल्येची, दहावीला इतके चांगले गुण मिळवून ती घरी बसली आहे त्याची. पहिली नीट सांगितल्याशिवाय दुसरी तुला टोचायची नाही, म्हणून धीराने वाच.

मी आले होते नवा फोटो द्यायला. गेल्या वर्षी कॅसिनी यान शनीपाशी पोचलं आणि या जानेवारीत त्यातून सुटलेलं ह्युजेन्स टायटन नावाच्या चंद्रावर उतरलं. तिथल्या जमिनीचा फोटो मी जालन्याच्या कलर लॅबमधून मोठा करून घेतला होता. नारिंगी उजेडात पडलेले गोटे, घासून गुळगुळीत झालेले, उन्हाळ्यात दुधनेच्या पात्रात दिसतात तसे. ते दगड नाहीत, बर्फ आहे, आणि त्यांना घासणारी नदीही पाण्याची नसावी म्हणतात. हे सांगताना मुलींचे चेहरे मला बघायचे होते. निवृत्त झाले म्हणून तेवढी हौस सोडलेली नाही.

मुलींऐवजी तुझा शिपाई कडूबा भेटला. खिळ्याकडे बघत म्हणाला, “बाई, त्यो फोटो आता देव झालाय. वेशीजवळच्या शनीच्या ओट्यावर हाये. काकासाहेबांनी नेला. म्याडम म्हणल्या, न्या.” बाकीचंही त्यानेच सांगितलं. मे महिन्यातल्या वाऱ्यात शाळेचे पत्रे उडाले, जूनमध्ये दहावीचा निकाल घसरला, आणि संस्थेचे सचिव काकासाहेब यांना गुन्हेगार सापडला. तो भिंतीवरच होता. पत्रे कोणी बसवले होते, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. तुला विचारावं तर तू नव्हतीस. शनिवारची शाळा सकाळची असूनही शनिवारी मुख्याध्यापिका हल्ली दहाला येतात, उडीद आणि तेलाचं आटोपून, हे कळलं.

हा फोटो शाळेत कसा आला ते तुला ठाऊक आहे. पण विसरल्यासारखी वागते आहेस, म्हणून पुन्हा सांगते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये रेडिओवर बातमी आली की व्हॉयेजरचं दुसरं यान शनीजवळून गेलं. आपल्या पुस्तकात शनी म्हणजे टोपी घातलेला बटाटा होता. मी अमेरिकेला इंग्रजीत पत्र घातलं की इथल्या मुलांना बटाट्यावर भागवावं लागतंय, खरा शनी पाठवा. कितीतरी महिन्यांनी जाड पाकीट आलं. पोस्टमनने ते गुडघ्यावर दुमडून सायकलला लावलं होतं, म्हणून कड्यांवरून एक घडी गेली ती कायमची. मोठा शनी एक, आणि छोट्या कागदांवर त्याचे चंद्र: एकावर एवढा मोठा खड्डा की तो फुटला कसा नाही असं वाटावं, एक अर्धा काळा अर्धा पांढरा, आणि टायटन नुसताच नारिंगी धुक्याचा गोळा. परतूरहून मी सगळ्यांची मिळून एक फ्रेम करून आणली आणि खालच्या पट्टीवर ब्रशने लिहिलं: शनिदर्शन, १९८१.

तुम्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता, तिथे फोटो काढायला उभं कोण होतं? यान फोटो नाही, आकडे पाठवतं, हे तुम्हाला पटेना. मग मी घागरीचं चित्र चौकोनांत तोडून तुझ्या हातात दिलं आणि तुला मैदानाच्या टोकाला उभं केलं. चौकोन किती काळा त्याचा आकडा तू ओरडायचीस, आणि दुसऱ्या टोकाला वर्ग पेन्सिलीने कागदावर चौकोन भरायचा. तास संपताना घागर तिकडे पोचली, थोडी चेपलेली, कारण चौकोन भरणारा मच्छिंद्र मध्येच मुंग्या बघत बसला होता. त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. बाहेरचं बारीक कडं नीट पाहिलं ते तूच. म्हणालीस, “बाई, ह्याला कुणी येणी घातलीय.” तिकडच्या शास्त्रज्ञांनीही वेणीच म्हटलं होतं. त्या कड्याच्या दोन्ही बाजूंनी दोन लहान चंद्र फिरतात आणि त्याला सैल होऊ देत नाहीत. पोरांनी त्यांना गुराखी नाव दिलं. शास्त्रज्ञांचं नावही तेच निघालं तेव्हा वर्ग आठवडाभर फुशारून होता.

आणि त्याच वर्षी तू शनिवारी शाळेत यायची बंद झालीस. तुझी रास सिंह, साडेसाती चालू. घरातला बैल गेला ते तुझ्यामुळे, आई अंथरुणाला लागली तेही तुझ्यामुळे. तातेरावांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, आठवीनंतर शाळा बंद असं ठरवलं होतं. मी भिंतीवरून फ्रेम काढली, जुन्या पातळात गुंडाळली आणि भर शनिवारी तुमच्या घरी नेऊन ज्वारीच्या पोत्यांना टेकवून ठेवली. म्हटलं, तातेराव, तुमच्या पोरीच्या मागे लागलाय तो हा. यात तिचं नाव कुठे दिसतं ते दाखवा. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो तर लई देखणा हाये बाई. मंग ह्येला एवढं वंगाळ का म्हणत्यात?” उठताना म्हणाले, “पोरगी शाळेत यील. पण तेल म्या घालत ऱ्हाईन, त्ये तुमी बोलायचं न्हाई.” मी म्हटलं, कबूल. ते तेल घालत राहिले आणि तू बी.एस्सी. झालीस.

आता कालचं. कडूबाजवळ टायटनचा फोटो ठेवून मी वेशीकडे गेले. ओट्यावर काळ्या दगडाला टेकवून माझी फ्रेम, वर रुईच्या पानांची माळ, काचेवर शेंदूर. तेल काचेच्या आत शिरलं आहे. कागद असा पारदर्शक झालाय की मागच्या बाजूचं इंग्रजी कड्यांमधून उलटं दिसतं. पूजेला भुजंग, तुझ्याच वर्गातला, गुणाकाराला घाबरणारा. म्हटलं, भुजंगा, तो फोटो दे. तर म्हणतो, “आता कसा देऊ बाई, त्येला तेल लागलंय. आन तुमीच तर खाली लिव्हलंय, शनिदर्शन. लोक दर्शनच घेत्यात.” बाया हसल्या. हसू देत. तो शब्द मी मागे घेत नाही. दर्शन म्हणजे बघणं, आणि बघायला डोळे उघडे लागतात. ओट्यासमोर उभे राहून सगळे मिटून घेत होते. मी पायरीवर पाय ठेवला तर भुजंग म्हणाला, बायामाणसांनी वर यायचं न्हाई, लांबून दर्शन घ्यावं.

खरं सांगते, एकदा त्या यानालाही तेल लागलं होतं. शनीला ओलांडताना व्हॉयेजरचा कॅमेरा फिरवणारा सांधा अडकला, वंगण सरकल्यामुळे, आणि काही फोटो कायमचे गेले. शनीच्या आसपास तेलाची गरज असलेली तेवढी एकच जागा. यान पाठवणाऱ्या लोकांनी कोणाची पत्रिका मांडली नाही. तसेच सांधे पृथ्वीवर चालवून चालवून अडकवले आणि ते कसे सुटतात ते पाहिलं.

मी चपला काढल्या आणि वर चढले. गुडघे कुरकुरले, भुजंग जास्त कुरकुरला. “बाई, साडेसाती लागंल.” म्हटलं, मी अडुसष्टची आहे, मला साडेसात वर्षं नक्की मिळणार आहेत का ते तुझ्या देवाला विचारून सांग, मी आनंदाने घेईन. रांगेतली नंदाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “बाईला काय लागती, बाईच त्येला लागल्यात.” माळ मी दगडाला परत घातली; तो त्यांचा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. फ्रेम माझी होती, ती घेतली. काकासाहेबांना चोरी म्हणायची असेल तर खुशाल म्हणोत, पत्ता वर आहे.

फ्रेम जड होती. खाली उतरताना ती ज्या हातांनी पेलली ते तुझ्या कौसल्येचे होते. ती ओट्याखाली तेलाची बाटली घेऊन उभी होती, भुजंगाकडे द्यायला. बाटली तिने मातीत ठेवली आणि मला स्टँडपर्यंत पोचवलं. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. “मोठ्या बाई, आई म्हणती यंदा न्हाई. माझी मिथुन, तिची सिंह, दोघींना संगच लागलीय. अडीच वर्षं थांब म्हणती.” अडीच वर्षांनी ती अठराची होईल आणि दारात सोयरीक घेऊन कोण येऊन बसेल ते तुलाही माहीत आहे. मग जरा वेळाने म्हणाली, आई रात्री झोपत न्हाई, मी कुठं रस्त्यानं गेले की दारात उभी ऱ्हाती.

म्हणजे पत्र्यांचं नव्हतंच काही. गेल्या सप्टेंबरात तुझा नवरा धर्मराज मोटारसायकलच्या अपघातात गेला, आणि कोणीतरी तुला पंचांग उघडून दाखवलं की शनीने त्याच आठवड्यात रास बदलली. शिवकन्या, मी तेराव्याला आले होते. तू काही बोलली नाहीस आणि मीही नाही, तिथे एवढी माणसं होती. आज बोलते. रस्त्यात उभ्या केलेल्या त्या ट्रकला मागे दिवा नव्हता. दिवा न लावणारा माणूस कोर्टात आहे, आभाळात नाही. त्याच्यावरचा राग, तुझ्या वाटेत कधीच न येणाऱ्या ग्रहावर काढून तू काकासाहेबांना फोटो दिलास आणि पोरीला घरी बसवलंस. तातेरावांना सही करता येत नव्हती, तेल घालणं त्यांनी सोडलं नाही, पण तुला शाळेत पाठवलं. तू तेवढंही करत नाहीस. रडायचं असेल तर माझ्याकडे येऊन रड, हवं तितके दिवस राहा. पोरीच्या वाटेत बसून रडू नकोस.

हे पत्र फोटो परत लावण्यासाठी नाही. त्या खिळ्याला टायटन लाव, नाहीतर कॅलेंडर लाव. पत्र यासाठी आहे की माझ्या घरी मागची खोली रिकामी आहे, आणि बदनापूरहून औरंगाबादला रोज शंभर माणसं रेल्वेने जाऊन येऊन करतात. रस्त्याला पाय लावायचं कारण नाही. सकाळी गाडीत मी बसवून देईन आणि संध्याकाळी फलाटावर उभी असेन. अकरावी विज्ञानाचे प्रवेश १५ तारखेला बंद होतात. म्हणून तुझं लेखी उत्तर मला गुरुवार, दिनांक १४ जुलै २००५, दुपारी बाराच्या आत इथे हवं. कौसल्या गुणपत्रिका घेऊन दारात आली तर तेच उत्तर समजेन, वेगळं पत्र नको. ती येणार नसेल, तर तू स्वतःच्या अक्षरात, शाईने, एवढं एकच वाक्य लिहून पाठव: “शनीमुळे मी माझ्या मुलीला पुढे शिकवणार नाही.” खाली सही कर, आणि सहीपुढे बी.एस्सी., बी.एड. लिही.

तुझीच,
गिरिजाबाई