टाक ज्वारीच्या डब्यात

३ फेब्रुवारी १९८६
सोलापूरहून परत. यांच्या मेंदूचा फोटो डॉक्टरांनी काचेवर लावून दाखवला. मधोमध शेंगदाण्याएवढा काळा डाग. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, आठवण तेवढी गेली.

कागदावर काढून दिलंय. हिप्पोकॅम्पस नवं टिपून घेतो, थॅलॅमस हा मधला नाका, तिथून माल पुढं कॉर्टेक्समध्ये जाऊन पक्का होतो. यांचा नाका बंद पडलाय. नवं काही पोचणार नाही, अलीकडचंही पुसलं. जुनं मात्र आत पक्कं. मी विचारलं, अलीकडचं म्हणजे किती? म्हणाले, पाच-सहा वर्षं धरा.

आमच्या लग्नाला तीन झाली. म्हणजे मी सगळीच्या सगळी गेले. आणि कु. राहिली. यांची पहिली बायको, काविळीनं वारली त्याला चार वर्षं होऊन गेली. कुणाच्या बोलण्यात येईल ते येईल, एरवी तिचं नाव पूर्ण लिहीत नाही. माझ्या वहीत तरी एका अक्षरात बस म्हणावं.

१० फेब्रु.
दूध संस्थेत नेऊन बसवलं. सचिव आहेत ना तिथले. लॅक्टोमीटर बुडवला, बघितलं, "पाणी हाय ह्यात." बरोबर निघालं. चेअरमन खूश. घरी आल्यावर मला म्हणतात, "तुमी कुठल्या बाई? कुसुमनं बोलावलं व्हय?"
तुमी! तीन वर्षं अगं-तुगं केलं ते कुठं गेलं?
पाण्याचा टँकर आज पण नाही.

१९ फेब्रु.
शाळेत शिकवायला जात नाही, अजून रजाच. जेवताना, "कुसुमच्या हातची कारळाची चटणी न्हाय का?" केली. ताटात तशीच राहिली. सासूबाई हसू दाबत होत्या, मला दिसलं.
जळते मी. लिहूनच टाकते, जळते. जिवंत असती तर निदान कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

२ मार्च
गळ्यातला टाक यांना दिसला. चांदीचा, बाईचा चेहरा ठोकलेला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग नेसायचं. लग्नापासून निमूट करतेय.
"ह्यो टाक कुणाचा?"
"तुमच्या कुसुमचा."
आधी बघतच राहिले. मग रडले. घरातून आत्ताच तिला उचलून नेल्यासारखे रडले. रडणं थांबलं, पाच मिनिटांत विसरले, चहा मागितला.

३ मार्च
पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तेच रडणं, तसंच नवंकोरं.

५ मार्च
आज यांनी विचारलंही नव्हतं. टाक पदरावर काढून मीच समोर बसले. मुद्दाम. माझ्यासाठी हे कधी असे रडले असते का, एवढंच बघायचं होतं.
सासूबाईंनी दंडाला धरून आत ओढलं. "अगं, तू सांगितलंस की त्येच्यासाठी ती आज मरती. किती डाव मारशील तिला?"
जेवले नाही.

६ मार्च
टाक काढला, ज्वारीच्या डब्यात टाकला.
"कोपंल ती," सासूबाई म्हणाल्या.
"कोपू द्या. आणि काय न्यायचं राहिलंय माझं?"


२० मार्च
शाळेत रुजू झाले. दुपारी घरी आले तर यांनी हाक मारली, "कुसुम." तोंडातून ओ गेली. दोन भाकरी खाल्ल्या, कधी नव्हे ते. इतकं सोपं होतं!
मग मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत बसले. पाणी मोजून वापरायचं असतं, तरी.

८ एप्रिल
आता रोज ओ देते. संध्याकाळी ओट्यावर बसून कु.शी बोलतात. येरमाळ्याच्या यात्रेत तिची चप्पल हरवली, यांनी आपली काढून दिली, परत येताना खडीचा रस्ता. मी मान हलवते. माझ्या पायांना त्यातलं काही माहीत नाही.
मला कधी चप्पल दिली होती का? आठवून बघितलं. नाही.

२१ एप्रिल
शाळेतून आले, पिशवी ठेवली. हे ओट्यावर.
"कुसुम, बस. एक सांगू? रागावू नगंस."
"सांगा."
"घरात एक बाई येती. नाव ध्यानात ऱ्हात न्हाय. मास्तरीण असंल, हाताला खडू असतो. ती दारात आली की जिवाला लई बरं वाटतं. तुझ्यापासून काय लपवायचं."
मी हात पदराखाली घेतले. खडू धुवायचा राहिला होता.
डॉक्टरांच्या कागदावर नाका बंद आहे. मग मी कुठल्या वाटेनं गेले आत?
"राग आला व्हय?"
"आला," म्हटलं. खरंच आला. माझा की तिचा, कळेना.
यांचा चेहरा उतरला. "मंग तिला सांगतो, येऊ नगं म्हणून. तू म्हणशील तसं."
पाच मिनिटांत विसरतील म्हणून दळणाची ज्वारी काढायला आत आले. डब्यात टाक हाताला लागला. बाहेर काढून पुसला, तसाच धरून बसले. पाच मिनिटं होऊन गेली असतील. तेवढ्यात ओट्यावरून, "कुसुम, सांग की. काय सांगू तिला?"
अजून ओ दिलेली नाही.