पिशवीतली दोन बटणं

३ मार्च, सोमवार
माझे गुडघे बरे. सूनबाईचा ताप उतरला, नातीचा खोकला गेला. मुलाचं मात्र विचारू नकोस— पानावर बसतो नि भिंतीकडे बघतो!

रविवारी चर्चमध्ये आमच्या मंडळीचा नवा पाळक ठरणार. नावं दोन— माझा मुलगा नि बेकरीवाला. आमच्यात मतं घेत नाहीत. पिशवीत एक काळं, एक पांढरं बटण. पांढरं ज्याच्या हाती येईल, त्याला देवानं निवडलं. पिशवी शिवायचा मान माझा. जन्मभर शिवणयंत्र चालवलं ना!

४ मार्च
म्हातारे पाळक जेवायला. मुलाची नि त्यांची जुंपली.
"जग घडायच्या आधीच देवानं ठरवलंय ना? मग मी हात घालू कशाला?"
"बाबा रे, ठरवणारा तो, हात तुझा. दोन्ही लागतं."
"म्हणजे मला नाही म्हणता येत नाही!"
"येतं की. पण शब्द घशात अडकतो."
सूनबाई म्हणाली, "आता घास अडकतील. आधी जेवा!"

आत्ता कुठे त्यानं सुतारकामाचं दुकान थाटलंय. आईचं मन म्हणतं, बेकरीवाल्यालाच होऊ दे पाळक. देवा, हे ऐकू नकोस हं.

६ मार्च
पिशवी झाली. बटणं घालून पाळकांच्या हाती दिली.

८ मार्च, शनिवार
भाजी चिरता चिरता एकदम आठवलं. पांढऱ्याला चार भोकं, काळ्याला दोन! बेकरीवाल्याला काय कळतंय. पण माझं पोर लहानपणी यंत्रापाशी बसून डोळे मिटून बटणं निवडायचं! नुसतं चाचपलं की संपलं.

पाळकांना सांगावं? सांगितलं तर बटणं बदलतील, मग देव जाणे. गप्प बसले तर पोर काळं उचलून सुटेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

९ मार्च, रविवार
पाळकांपुढे गेले. शब्द ओठांवर आला— गिळला. आईच मी शेवटी.

वयानं लहान म्हणून आधी मुलाचा हात. केवढा वेळ आत होता! बाहेर आला— पांढरं.

बेकरीवाल्यानं त्याला मिठी मारली. रविवारच्या कोटालाही पीठ! मी मनाशी म्हटलं, लहानपणीचं विसरला असेल पोर. माझी लबाडी राहिली बाजूला, देवाचंच खरं झालं.

१० मार्च
मुलानं पिशवी परत आणून दिली. दारातून वळून म्हणाला, "आई, पुढच्या वेळी दोन्ही बटणं चार भोकांची घाल गं."