शेवट नसलेली चाल

शिकागो,
१४ ऑक्टोबर १९३८

तीर्थरूप पपा,

हे पत्र आई मोठ्याने वाचतेय आणि तुम्ही सलूनच्या खुर्चीत पेपरआड तोंड लपवून 'मी ऐकतच नाहीये' असं दाखवताय, हे मला इथून दिसतंय. नमस्कार घ्या. घेत नसलात तर आईपाशी ठेवा, ती सांभाळेल.

मी ठणठणीत आहे. आईच्या गुडघ्यांना तेल चोळता ना? आमच्या बँडचंही झकास चाललंय. ओमाहापासून टल्सापर्यंत एक हॉल सोडला नाही. बस तेवढी चढ आला की रुसते. मग आम्ही सगळे खाली उतरून ढकलतो आणि आमची गाणारी लव्हीनिया आत बसून चाक धरते, वर आम्हालाच शिव्या घालते. आपलं मस्कोगी जवळच होतं, पण घरी आलो नाही. असो.

तर बातमी अशी की आम्ही रेकॉर्ड केली! खरीखुरी रेकॉर्ड, पपा, वर माझं नाव!

चार चाली वाजवायच्या होत्या. तीन पटापट झाल्या, त्या कुणीही वाजवेल अशाच आहेत. चौथी मात्र आमची स्वतःची, 'आज घरी नाही जायचं'. कागदावर तिचा एक सूर लिहिलेला नाही. एका रात्री हर्शलने ट्रॉम्बोनवर काहीतरी सुरू केलं, बाकीच्यांनी त्यात भर घातली आणि जमून गेली. लोक तिच्यावर अर्धा अर्धा तास नाचतात. हॉलचा मालक दिवे घालवतो तेव्हा कुठे ती थांबते. तुम्ही नऊ वर्षांपूर्वी म्हणाला होतात ना, "हे कसलं वाजवणं? ना शेंडा ना बुडखा!" तेव्हा मला राग आला होता. पण शेवटाचं तुमचं खरं निघालं.

कारण रेकॉर्ड असते तीन मिनिटांची. वाजवायचं ते जाड मेणाच्या थाळीवर कोरलं जातं, आणि थाळी संपली की संपली. पहिल्या थाळीला सुई मधोमध जाऊन पोचली तरी आम्ही आपले रंगात. दुसऱ्या वेळी मी थांबायला हात वर केला. हर्शल डोळे मिटून वाजवतो, त्याला हात दिसणार डोंबल! तिसऱ्या वेळी ड्रमवाला एकटाच थांबला आणि बाकीचे त्याच्याकडे रागाने बघत वाजवत राहिले.

कंपनीचे मिस्टर क्रेमर काचेमागून बाहेर आले. "टॉलिव्हर, तुझ्या बँडला ब्रेक बसवलेत की नाही? एक थाळी उरलीय. नाही जमलं तर ही चाल राहू दे."

राहू दे! पपा, ही एकच चाल आमची आहे. ती राहिली असती तर मी पुन्हा रेकॉर्ड करायला गेलोच नसतो.

चौथी थाळी फिरू लागली. वाजवलं मात्र असं, की काय सांगू! लव्हीनिया कोपऱ्यात बूट काढून नाचत होती, आवाज नको म्हणून. वेळ संपत आला. समोर लाल दिवा पेटलेला, म्हणजे कोरणं अजून चालू. कुणी थांबायचं नाव घेईना. आणि माझ्या हातांनी, मी ठरवलं नव्हतं हो, माझ्या हातांनीच पियानोवर एक तुकडा ठोकला. तुमच्या लॉज मंडळाच्या सहलीत, आम्हा पोरांच्या बँडला थांबवायला, कवायतीच्या प्रत्येक चालीच्या शेवटी तुम्ही कॉर्नेटवर वाजवायचात तो. ता-रा, ता-रा-रा, डुम्!

हर्शल खाडकन उभा! ट्रॉम्बोन खाली, टाचा जुळवलेल्या, हनुवटी वर. डोळे अजून मिटलेलेच. सॅक्सोफोनवाले लीमन आणि रॉस्को, तेही तुमच्याच हाताखालून गेलेले, तेही ताठ उभे. तिघं असे उभे राहिलेले बघून बाकीच्यांचे हातच थांबले. चिडीचूप. लाल दिवा विझला.

मिस्टर क्रेमर धावत आले. "हा शेवट कुणी लिहिला?"

"लिहिलाय कुठला साहेब!" हर्शल म्हणाला. "हा वाजला की थांबायचं. नाही थांबलं तर मोठे मिस्टर टॉलिव्हर सहलीत कोंबडीचं ताट देत नाहीत."

आम्ही हसून हसून लोळलो.

आता खरं सांगतो, ज्यासाठी एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलोय. मी क्रेमरना सांगितलं की शेवट माझ्या वडिलांचा आहे. म्हणून चालीच्या नावाखाली, रचणाऱ्यांच्या जागी, छापायला दिलंय, 'टॉलिव्हर-टॉलिव्हर'. छापखान्यातल्या माणसाचा फोन आला, नाव चुकून दोनदा पडलंय. मी म्हटलं, चुकून नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाचं नाव मी नाचाच्या रेकॉर्डवर टाकलं, तेही न विचारता!

म्हणून छपाई थांबवली आहे. तुम्ही नको म्हणालात तर तुमचं नाव काढीन आणि तुमचा शेवटही काढीन. मग रेकॉर्ड निघायची नाही, कारण दुसरा शेवट आम्हाला येत नाही. नमुन्याची एक रेकॉर्ड पाठवतोय, माझ्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळून. बनियन धुतलेलं आहे.

नऊ वर्षं तुम्ही माझं वाजवणं ऐकलेलं नाही. मला फार वाटतं पपा, की एकदा ऐकावंत. उत्तर लवकर पाठवा, होकार असो की नकार.

तुम्ही मानत असाल तर तुमचाच,
क्लिओफस


मस्कोगी,
२१ ऑक्टोबर

क्लिओफस,

उत्तर तुझ्या आईला लिहायला सांगितलं होतं. ती म्हणाली, तुमचा हात काय मोडलाय? म्हणून मी लिहितोय.

आपल्याकडे ग्रामोफोन नाही, म्हणून शेजारच्या मिसेस पेटिग्र्यूंकडे गेलो. पडदे ओढून घ्यायला लावले, कारण समोरच पाद्रीबुवांचं घर.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसता गलका वाटला. दुसऱ्यांदा कळलं की तुझा ड्रमवाला घाई करतो. त्याला सांग. तिसऱ्यांदा तुझी आई मिसेस पेटिग्र्यूंचा हात धरून खोलीभर नाचली. गुडघ्यांची चौकशी यापुढे करू नकोस. चौथ्यांदा लावली तेव्हा दार वाजलं. पाद्रीबुवा! मी घामाघूम. ते म्हणाले, "अ‍ॅम्ब्रोज, पडदे उघड की, तिकडे नीट ऐकू येत नाही."

शेवट आला की मी खुर्चीतून उठून उभा राहत होतो. दर वेळी. बायका हसत होत्या, हसू देत. नऊ वर्षं मी उगाच हट्ट धरून बसलो, असं तुझी आई म्हणते. मी रेकॉर्ड पाचव्यांदा लावली.

हर्शलला म्हणावं, पाठ ताठ ठेव. पुढच्या खेपेला बस इकडे वळव. मस्कोगीला चढ नाही.

छापखान्याच्या माणसाला कळव की नावं बरोबर आहेत, छापून टाक. क्रम मात्र नीट बघून घे. पहिलं टॉलिव्हर माझं. दोन्ही सारखीच दिसतात म्हणून गप्प बसशील, तुला ओळखतो मी. त्याला स्पष्ट सांग.

तुझा बाप,
अ‍ॅम्ब्रोज टॉलिव्हर
(पहिला)