शिडी उभी होती

मंगळ, ११ फेब्रु. ८६
गोडाऊनचे परब गेल्या आठवड्यात शिडीवरून पडले. कमरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलात जाऊन त्यांचा जबाब मीच उतरवून आणला होता. आज साहेब म्हणाले, "हेड ऑफिसला इंग्रजीत हवाय." सगळं झालं, एका वाक्यावर अडले. 'शिडी उभी होती.' उभीला काय लिहू? स्टँडिंग? इरेक्ट? शेवटी अपराइट टाईप केलं.

बुध, १२
साहेबांनी अपराइट कापलं. "अपराइट म्हणजे सज्जन माणूस, मिसेस राणे. शिडीला व्हर्टिकल." वाद कोण घालणार! बदलून दिलं.

गुरु, १३
वाट लागली. सेफ्टीवाल्यांचा शेरा आला: शिडी टेकवून न लावता सरळ नव्वद अंशात उभी केली, कामगाराचा निष्काळजीपणा. म्हणजे परबांची नोकरी जाणार. साहेबांकडे धावले, तर म्हणाले, "मग इरेक्ट करून टाका." अहो, इरेक्ट म्हटलं की उभी कोणी केली, तेच पुन्हा त्यांच्यावर येणार! डोकं फिरलंय. घरी नवऱ्याला, मधूला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणतो, "व्हर्टिकल काय न् अपराइट काय, एकच ना गं?" ताटावरून उठले.

शुक्र, १४
हाफ डे टाकून हॉस्पिटल. परबांना विचारलं, शिडी कशी होती?
"थंयसर उभी होती, बाय. आदल्या पाळीवाल्यांनी ठेवलेली. मी नुसतो चढलंय."
"टेकलेली होती?"
"टेकान नाय तर काय अधांतरी?"
हे तेव्हा का नाही विचारलं मी? बाई, तू नुसती टायपिस्ट.

सोम, १७
नवा तर्जुमा नेला: शिडी आधीपासून तिथे टेकून ठेवलेली होती. विशेषणच नको, एकदाची कटकट मिटली असं वाटलं. साहेबांनी मराठी कागद पुढे केला. "यात टेकून कुठंय?" नाहीच आहे. अक्षर माझं, सही परबांची. म्हटलं, माझी चूक झाली असं लेखी देते. चष्मा काढून म्हणाले, "विचार करा. नोकरीत तुमचं कन्फर्मेशन अजून बाकी आहे."

मंगळ, १८
दिलं. सकाळी, खुर्चीत बसायच्या आत. नाहीतर दिलंच नसतं. परबांना पुन्हा विचारा, असंही त्यात लिहिलं. साहेबांनी कागद वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला. पोच मागितली तर म्हणे उद्या. मधू चिडलाय, "तुला कोणी सांगितलं होतं?" कोणी नाही.

बुध, १९
पोच नाही. चौकशी परवा, मलाही बोलावलंय. परबांची बायको गेटवर थांबली होती. "आता बरोबर लिवलंस मा गो?" म्हटलं, लिहिलंय. वाचणार कोण, ते नाही सांगता आलं. तिनं माझा हात धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.