काळी चार

मंगळवार, ६ जानेवारी

सा चुकला! पहिल्याच दिवशी! कीबोर्डच्या क्लासमध्ये शिकवणारी नेत्रा म्हणाली, "काकी, सीवर लाल टिकली लावा." मी सा समजून लावली काळी चारवर, चौथ्या काळ्या पट्टीवर. ती पोट धरून हसली. तिच्याकडे सी म्हणजे सा, आणि तो कायमचा पांढरी एकवर. आमच्या घरात सा म्हणजे काळी चार — हे चाळीस वर्षं भजनात तिथूनच गातात. अख्ख्या वाडीत तेवढं उंच कोणी लावत नाही. माणूस बदलला की सा बदलतो, असं मी तिला ऐकवलं. "इथे नाही हं बदलत, काकी."

मीही हसले. पण आतून घाबरले. अठ्ठावन्न पुरी झाली. आईला ह्याच वयात सुरुवात झाली — आधी चहात मीठ, मग मला तिच्या बहिणीच्या नावाने, मैना म्हणून हाक मारायची, शेवटी मी कोण तेच आठवेना. गेल्या महिन्यात मी दोनदा गॅस चालू ठेवून बाजारात गेले. डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी नवीन शिका. म्हणून लेकीने, शमिकाने, मुंबईहून तिचा जुना कीबोर्ड पाठवला. हे डोक्यात राहिलं तर मी वाचले.

गुरुवार, ८ जानेवारी

दोन काळ्या, तीन काळ्या. दोनांच्या डाव्या हाताला सी. पाठ!

ह्यांचा घसा बसलाय. भजनाला गेले नाहीत. त्यांच्या जागी भजनातल्या लवूने गायलं म्हणे. मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या.

शनिवार, १० जानेवारी

काळी चार दाबली आणि ती काळी चार नव्हती!

परत मोजलं. दोन सोडल्या, मग तीन, त्यातली मधली. बोट बरोबर. सूर खालचा. हा सूर मला झोपेतून उठवून विचारला असता तरी ओळखला असता. चाळीस वर्षं ऐकतेय! तशीच जमिनीवर बसून राहिले.

ह्यांना सांगितलं. "कान भरले असतील गो," म्हणाले आणि अंगणात निघून गेले. दोन शब्द धीराचे बोलले असते तर काय झालं असतं? राग आला.

सोमवार, १२ जानेवारी

नेत्राकडे सगळं ठीक. काळी चार जागेवर. घरी येऊन वाजवलं — खाली! परवापेक्षाही खाली.

आईचंही असंच होतं. देवळात शहाणी, चारचौघींत हसून बोलायची. घरी आली की काही नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचा पाक करपला. कीबोर्डवर चादर टाकून ठेवलीय. हात लावायची भीती वाटते.

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी चादर काढली. वाजवलं. रडूच फुटलं. शमिकाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून नेत्राला फोन केला.

"काकी, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसतो का?"

"उणे पाच."

"अहो, ट्रान्सपोज दाबलं गेलंय! सगळे सूर पाच घरं खाली उतरलेत. तुमचा कीबोर्ड बंद केला तरी ते धरून ठेवतो. तुमचे कान ठणठणीत आहेत!"

जीव भांड्यात पडला! तिने सांगितलं तसा शून्यावर आणला. काळी चार दाबली — होती! तिथेच होती! देवापुढे साखर ठेवली. पुसताना माझाच हात लागला असणार. वेंधळी आहे, वेडी नाही!

ह्यांना धावत जाऊन सांगितलं. हसले नाहीत. "बरां झाला," म्हणाले. आवाज अजून तसाच, घोगरा.

मंगळवार, २० जानेवारी

बांगडे चांगले नव्हते, म्हणून बाजारातून लवकर परतले. दाराबाहेरच ऐकू आलं. हे गात होते. काळी चार दाबून सा लावला — फाटला. टिक् — बटण. परत सा. फाटला. टिक्. मी पिशवी घेऊन पायरीवरच उभी.

आत गेले. स्क्रीनवर उणे सात. म्हणजे तेव्हाही माझा हात लागला नव्हता.

"आवाज असा कधीपासून?"

"गणपतीपासना." मान वर केली नाही. "तू आधीच घाबरलेलीस. म्हणून बोललो नाय गो."

उद्या पहिल्या गाडीने घशाच्या डॉक्टरकडे. शमिकाला कळवलं. कीबोर्ड मी शून्यावर आणला नाही. ह्यांचा आवाज किती खाली गेलाय, ते डॉक्टरांना सांगायला हवं.