एकमेकांचं आपलं समजून घेऊ

ती. सविताअक्काच्या पायावर महारुद्रचं डोकं.

तू, दाजी अन् लेकरं खुशाल असाल असं धरून चालतो. दाजींची कंबर काय म्हणते? पत्र पाच महिने टाळलं, हे आधीच कबूल करतो. तीनदा कागद घेतला. एकदा तर पेन घ्यायला एसटीतनं देवगाव फाट्याला उतरलो अन् तिथनं जालन्याच्या टेम्पोत बसलो. (टेम्पोवाला लय भला माणूस, पण ते राहू दे.) फोन केला असता, पण तो दाजी उचलतेत, अन् सोनपेठला तुमच्या घरून मी दही आणायला म्हणून निघालो तो अजून आलो न्हाई, हे त्यांच्या ध्यानात असणार.

सध्या मी पोखर्णीजवळ एका सहनिवासात हाय. म्हंजे दहा घरं, दारं आपापली, स्वयंपाकघर एकच. अर्धे पेन्शनवाले, अर्धे आसपासचे शेतकरी. मी रंग द्यायला आलो अन् रिकाम्या खोलीत राहूनच गेलो. आपण एकत्र कशापायी राहायलोत, त्याचं ह्या लोकांनी ध्येयपत्र केलंय. ते लिहिलं सुमनबाईंनी, रिटायर मास्तरीणबाई. (पत्रिकेत वेलांटी चुकली म्हणून त्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेल्या न्हाईत म्हणे.) भिंतीवर रंगवायचं काम माझ्याकडं आलं. त्यात होतं, 'एकमेकांना आपलं मानू. एकमेकांचं म्हणणं समजून घेऊ.' आता भिंतीत मधीच आली खिडकी. जागा पुरेना. मी दोन्हीचं मिळून एक केलं: 'एकमेकांचं आपलं समजून घेऊ.' अर्थ तोच, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रामहरीकाकांनी सुमनबाईंचा कूलर उचलून नेला. एप्रिलात, अक्का! बाई तणतणत गेल्या, तर काका खाटेवरून उठले बी न्हाईत.

"आता मपलं-तुपलं न्हाई, बाई. भिताडावर लिवलंय, आपलं समजून घेऊ. म्या समजलो, अन् घेतला."

"अहो, ते तसं नाही!"

"मंग कसं? तुमीच तर लिवलं."

दोन दिवसांत कुकर, सायकल, वाळत घातलेलं एक धोतर, सगळं फिरायला लागलं. आता दोन तट पडलेत. स्वयंपाकघरात कुणी कुणाशी बोलेना, नुसती ताटं आपटतेत. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो की तेवढंबी थांबतं. काल सुमनबाई मला हळू आवाजात म्हणल्या, "भिंत पुसता येईल, महारुद्र. तुझं काय करायचं ते रविवारी बघू." (ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.)

हितं सगळं एकमतानं ठरतं. एक जरी न्हाई म्हणला तर माझी पिशवी फाटकाबाहेर. बाईंची अट अशी, की ज्यानं मला वर्षभर एका छपराखाली पाहिलंय अशा माणसानं समोर येऊन सांगावं, हा नांदतो. (नांदतो म्हणल्या. मी काय सून हाय?)

अक्का, मी आजपर्यंत कुठंच राहतो म्हणलो न्हाई. हितं मात्र राहायचंय. सकाळी चहा ठेवताना हे लोक न विचारता माझ्याबी कपाचं पाणी धरतेत. ह्या आठवड्यातबी धरलं.

तुझा धाकटा,
महारुद्र

ता. क. कूलरचं सोड. मुद्दा असा, की बाईंनी रविवारसाठी भरून घेतलेल्या फॉर्मात मी लिहिलंय, तुझ्याकडं सलग तीन वर्षं राहिलो. (खरे सतरा दिवस. पण खाल्लं तीन वर्षांचं, असं दाजीच म्हणले होते.) रविवारी येऊन तेवढं फक्त हो म्हण. फॉर्मात तुझा नंबर दिलाय, पण बाई काय फोन करायच्या न्हाईत.

आणखी ता. क. फाटकात आत्ता रिक्षा थांबली. उतरणारी बाई तुझ्यासारखी दिसायली. अक्का, तूच हायस! बाईंनी फोन केला वाटतं. मी दाराआडून बघायलोय. सुमनबाईंनी तुला पाणी दिलं. आता काहीतरी विचारायल्यात, अन् तू आठवायलीस.

अक्का, बोटांवर मोजू नको.